जोरदार इंजिनाच्या जुन्या गाडीला कोणता ऑटोमॅटिक गिअरबॉक्स लावायचा? एक जाळून झाल्यावर लिहितोय

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. मूळचा कोल्हापूरचा, शाळा सुटली की उद्यमनगरात मामाच्या लेथवर जाऊन बसायचो, तेवढंच काय ते शिक्षण. आता मिशिगनमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी करतो आणि गॅरेजमध्ये शेव्हर्लेची १९७२ ची शेव्हेल आहे. तिच्यात ३८३ क्युबिक इंचाचं स्मॉल ब्लॉक व्ही८ इंजिन आहे, म्हणजे ३५० चा ब्लॉक ०.०३० इंच बोअर करून त्यात ४०० चा क्रँक. कार्ब्युरेटर आहे आणि टॉर्क साडेचारशे फूट-पौंडांच्या आसपास. इंजिन बनवताना सगळी हौस केली आणि गिअरबॉक्स मात्र 'स्वस्तात मिळतोय ना' म्हणून सेकंडहँड ७००आर४ उचलला. तीन आठवड्यांत तिसरा गिअर गेला, चौथाही गेला. पॅन (डब्याखालची ऑइलची थाळी) खोलला तर आत काजळीसारखा काळा गाळ आणि वास अगदी करपलेल्या फोडणीचा, दोन दिवस गॅरेजमधून जाईना, बायको म्हणाली काय जाळलंस रे.

त्यानंतर जे वाचलं, विचारलं, मोजलं आणि परत पैसे घातले ते सगळं इथे क्रमाने लिहितोय. उदाहरणं जनरल मोटर्सच्या गाड्यांची आहेत कारण माझा हात त्यातच काळा झालाय, पण फोर्ड किंवा मोपार (क्रायस्लर-डॉजवाले) असेल तरी विचार करायची पद्धत हीच.

१. गिअरबॉक्स बघायच्या आधी कागद-पेन घ्या

सेलर किंवा बिल्डरला फोन केला की तो पहिला प्रश्न विचारतो, 'हॉर्सपॉवर किती?' आणि आपण फुशारकीने आकडा सांगतो. त्या एका आकड्यावर काहीच ठरत नाही. हे सगळं लिहून ठेवा:

- गाडीचं वजन, तुम्ही आत बसून
- इंजिनाचा टॉर्क आणि तो किती आरपीएमला येतो
- मागच्या डिफरन्शियलचा रेशो (कव्हर उघडून दात मोजा, आधीच्या मालकाने सांगितलेला रेशो हा अफवा समजा)
- मागच्या टायरची उंची इंचात
- कॅमचं ड्युरेशन (तो व्हॉल्व्ह किती वेळ उघडे ठेवतो) आणि आयडलला इंजिनाचा व्हॅक्युम किती येतो
- क्रँकचं मागचं सील एकसंध आहे की दोन तुकड्यांचं. स्मॉल ब्लॉक शेव्हीत १९८६ पासून एकसंध आलं, आणि फ्लेक्सप्लेट (क्रँकला कन्व्हर्टर जोडणारी पातळ तबकडी) त्यावर ठरते
- इंजिन बाहेरून बॅलन्स केलंय की आतून. ३८३ वाल्यांनो, हे नक्की बघा, कारण ४०० चा क्रँक मूळचा बाहेरून बॅलन्स केलेला असतो आणि चुकीच्या वजनाची फ्लेक्सप्लेट लावलीत तर गाडी अशी थरथरते की आरसा दिसेनासा होतो

२. तुम्ही गाडी खरंच कशी चालवता?

इथे स्वतःशी खोटं बोलू नका. मी मनातल्या मनात ड्रॅग स्ट्रिपवर असतो, प्रत्यक्षात उन्हाळ्यात शनिवारी हायवेने चाळीस मैल जातो, आईस्क्रीम खातो आणि परत येतो. ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझला, म्हणजे डेट्रॉइटजवळच्या जुन्या गाड्यांच्या मेळ्याला जातो आणि तिथे तर चार तास पहिल्या-दुसऱ्यात रांगायचं असतं. म्हणजे मला हायवेवर ओव्हरड्राइव्ह (१:१ च्या वरचा गिअर, ज्यात इंजिन सावकाश फिरतं) पाहिजे आणि ट्रॅफिकमध्ये ऑइल थंड राहायला पाहिजे, क्वार्टर माइलचा वेळ ही नंतरची गोष्ट.

हिशोब सोपा आहे. ताशी मैल गुणिले डिफरन्शियलचा रेशो गुणिले गिअरचा रेशो गुणिले ३३६, भागिले टायरची उंची. माझा डिफरन्शियल ३.७३, टायर २६ इंच, वेग ७०. सरळ १:१ टॉप गिअरमध्ये येतं ३,३७० च्या आसपास. कन्व्हर्टर म्हणजे इंजिनाचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग, त्याला लॉक-अप, म्हणजे थेट जोडून टाकणारा क्लच नसेल तर तो घसरतो, त्याचे आणखी थोडे वर. कानात दडे बसतात हो, आणि पेट्रोलचं तर बोलूच नका. तेच ०.७५ ओव्हरड्राइव्हला २,५३० आणि ०.७० ला २,३६०.

आता उलटी बाजू. तुमचा डिफरन्शियल ३.०८ असेल तर ओव्हरड्राइव्हशिवायसुद्धा ७० ला २,७८० च येतात, आणि ०.७० ओव्हरड्राइव्ह लावला तर १,९५०. मोठा कॅम असलेलं इंजिन तिथे घुटमळतं, रडत चालतं. अशा गाडीला उगाच चार गिअरचा खर्च करायची गरज आहे का ते आधी बघा, तीन गिअरचा साधा मजबूत डबा (गिअरबॉक्सला मी डबाच म्हणतो) पुरेल.

३. उमेदवार कोण कोण

टीएच३५० हा १९६९ पासूनचा, पहिल्यापासून क्रमाने रेशो २.५२, १.५२ आणि १.००. हलका, छोटा, कुठल्याही जुन्या शेव्हीत बसतो, वायरिंग नाही. साधारण ताकदीला चांगलाच, पण मूळ स्थितीतला तसाच उचलून मोठ्या टॉर्कमागे लावू नका.

टीएच४०० हा १९६४ चा, २.४८, १.४८, १.००, आणि दणकट म्हणजे किती, तर रोल्स-रॉइसने सिल्व्हर शॅडोला हाच वापरला, जॅग्वारने वापरला आणि १९७६ च्या फेरारी ४०० ऑटोमॅटिकमध्येसुद्धा हाच होता. किकडाउन (पेडल तळाला दाबल्यावर खालचा गिअर पडणं) विजेच्या स्विचवर चालतो, शिवाय इंजिनाच्या व्हॅक्युमवर चालणारा एक मॉड्युलेटर असतो. मोठ्या कॅममुळे व्हॅक्युम कमी असेल तर तो मॉड्युलेटर नीट जुळवावा लागतो, नाहीतर गिअर पडताना कोणी मागून ठोकल्यासारखं होतं. ओव्हरड्राइव्ह नाही, हीच एक गोष्ट कमी.

७००आर४ हा १९८२ पासून, १९९० ला त्याचंच नाव ४एल६० झालं आणि १९९३ पासून इलेक्ट्रॉनिक ४एल६०ई आला. रेशो ३.०६, १.६३, १.००, ०.७०. पहिला गिअर फार खाली असल्याने सिग्नलवरून गाडी उडी मारते, पण पहिल्या-दुसऱ्यातली दरी बघा, ६,००० ला गिअर बदलला तर इंजिन थेट ३,२०० वर येऊन पडतं. टीएच४०० मध्ये तेच ३,५८० वर थांबतं. सुरुवातीच्या वर्षांतल्या ७००आर४ चा इनपुट शाफ्ट २७ स्प्लाइनचा (स्प्लाइन म्हणजे शाफ्टवरचे उभे दात) आणि कमजोर, नंतर तो ३० स्प्लाइनचा झाला, १९८७ नंतरचा घेतलेला बरा. ४एल६०ई मध्ये सन शेल (मधल्या गिअरला फिरवणारी पत्र्याची वाटी) फाटणे हा ठरलेला आजार आहे, तो फाटला की दुसरा, चौथा आणि रिव्हर्स एकदम जातात. हा डबा चांगल्या हाताने, चांगले पार्ट घालून बांधला तर टिकतो, नाही असं नाही. पण नावातला ६० हा ताकदीचाच आकडा आहे, आणि ८० च्या कामाला ६० जुंपायचा तर बैलाचे हाल होतात.

२००-४आर: २.७४, १.५७, १.००, ०.६७. ब्युइक ग्रँड नॅशनलमध्ये होता. लांबी टीएच३५० एवढीच, त्यामुळे बसवायला सोपा, गिअरमधली अंतरंही छान. पण आता चांगला जुना मिळणं अवघड आणि बांधणारा जाणकार लागतो.

४एल८०ई, तोंडाने फोर एल एटी ई, १९९१ पासून. टीएच४०० चाच वारसदार, वर ०.७५ चा ओव्हरड्राइव्ह आणि लॉक-अप कन्व्हर्टर. मोठ्या ट्रकमध्ये आणि व्हॅनमध्ये आयुष्यभर ओझी ओढलेला. जड आहे, कोरडा १०० किलोच्या वर, लांब आहे, आणि त्याला चालवायला कॉम्प्युटर लागतो. मी शेवटी हाच घेतला.

पॉवरग्लाइडला दोनच गिअर, तो स्ट्रिपवाल्यांसाठी, रस्त्यावर नको. सहा गिअरचा ६एल८०, पहिला ४.०२ आणि सहावा ०.६७, सुंदर चालतो पण कंट्रोलर डब्याच्या आतच असल्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनाशी त्याचं लग्न लावणं म्हणजे दोन्ही घरची मनधरणी. झेडएफ या जर्मन कंपनीचे आठ गिअरचे डबेसुद्धा लोक लावायला लागलेत, बजेट असेल तर बघा. फोर्डवाल्यांनी सी६ आणि ४आर७०डब्ल्यू, मोपारवाल्यांनी ७२७ टॉर्कफ्लाइटपासून सुरुवात करा.

४. टीव्ही केबल, जिने माझा डबा खाल्ला

७००आर४ किंवा २००-४आर घेणार असाल तर हा भाग दोनदा वाचा, बाकीच्यांनी पुढे जा.

थ्रॉटलपासून गिअरबॉक्सपर्यंत एक केबल जाते, तिला टीव्ही, म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्ह केबल म्हणतात. बरेच जण तिला किकडाउन केबल समजतात, मीही समजलो. टीएच३५० ची केबल फक्त किकडाउन करते, ती तुटली तरी गाडी चालते. ७००आर४ ची केबल आतला ऑइलचा दाब ठरवते. तुम्ही पाय दाबला की केबल ओढली जाते, दाब वाढतो, क्लच प्लेट घट्ट धरतात. केबल कमी ओढली गेली तर इंजिन पूर्ण जोर लावतंय आणि क्लच अर्धवट धरलेत अशी अवस्था, मग प्लेटा घासून जळतात. सगळ्यात आधी तिसऱ्या-चौथ्याचा क्लच जातो.

मी काय केलं, तर केबल हॉली कार्ब्युरेटरच्या लिव्हरवर जे भोक मोकळं दिसलं त्यात अडकवली. पायाखाली पेडल पूर्ण गेलं तरी केबल पूर्ण ओढली जात नव्हती, मधल्या थ्रॉटलला तर निम्मीसुद्धा नाही. त्या लिव्हरची भूमिती वेगळी असते, तिच्यासाठी करेक्टर ब्रॅकेट मिळतो, अगदी किरकोळ किमतीचा. तो लावायचा, मग एकाला पेडल तळापर्यंत दाबायला सांगून तुम्ही बॉनेटखाली बघायचं की केबल शेवटापर्यंत आली का, आणि त्यानंतर दाबाचं गेज लावून खात्री करायची. गेज न लावता गाडी रस्त्यावर काढायची नाही. डबा विकणाऱ्याने यातलं अवाक्षर काढलं नव्हतं, पण विचारलं नाही हे माझंही चुकलंच.

५. कन्व्हर्टर, म्हणजे अर्धा निर्णय

लोक गिअरबॉक्सवर महिनाभर डोकं खपवतात आणि कन्व्हर्टर दोन मिनिटांत घेतात. '३,००० स्टॉलचा द्या' असं मागू नका. स्टॉल म्हणजे ब्रेक धरून गॅस दिला तर इंजिन ज्या आरपीएमला जाऊन अडतं तो आकडा. तो खोक्यावर छापलेला असला तरी तोच कन्व्हर्टर कमी टॉर्कच्या इंजिनामागे कमी आणि जास्त टॉर्कच्या इंजिनामागे जास्त आरपीएमला जातो. पहिल्या पायरीतला कागद बनवणाऱ्याला पाठवा आणि त्याला ठरवू द्या. जो बनवणारा वजन, कॅम, डिफरन्शियल काहीच न विचारता लगेच किंमत सांगतो त्याला नमस्कार करून पुढे चला.

रस्त्यावरच्या गाडीला लॉक-अप घ्याच. फार उंच स्टॉल घेतला तर ट्रॅफिकमध्ये कन्व्हर्टर सारखा घसरत राहतो आणि ऑइल तापतं. वुडवर्डवर चार तास रांगताना तेच होतं. फ्लेक्सप्लेटवरची भोकं कन्व्हर्टरच्या बोल्टांशी जुळतात का हेही आधीच बघा. ट्रकमधल्या ४एल८०ई च्या कन्व्हर्टरला सहा बोल्ट असतात.

६. बसतो का ते मोजा, मग पैसे द्या

नुसता नवरदेव येत नाही, मागून अख्खं वऱ्हाड येतं. ७००आर४ काढून ४एल८०ई घालताना मला काय काय बदलावं लागलं बघा. क्रॉसमेंबर (डबा पेलणारी आडवी पट्टी) मागे सरकला. आधीचा योक, म्हणजे ड्राइव्हशाफ्टचं डब्यात जाणारं तोंड, २७ स्प्लाइनचा, याला ३२ स्प्लाइनचा लागतो. डबा लांब म्हणून ड्राइव्हशाफ्ट, म्हणजे आपल्याकडचा प्रोपेलर शाफ्ट, कापून परत बॅलन्स करून घेतला. टनेलला, म्हणजे डब्यावरच्या तळाच्या उंचवट्याला, दोन ठिकाणी हातोडा मारावा लागला, काही गाड्यांमध्ये तर पत्रा कापावा लागतो. शिफ्टरच्या खाचा तीन गिअरच्या होत्या त्या बदलल्या. स्पीडोमीटरची जुनी केबल लागत नाही, त्यासाठी वेगळं यंत्र. आणि कंट्रोलर, त्याच्यासाठी कार्ब्युरेटरवर थ्रॉटल सेन्सर, त्याची वायरिंग. कंट्रोलरला इग्निशनवरचा असा १२ व्होल्ट द्या जो स्टार्टर मारतानाही जात नाही, आणि अर्थिंग रंगावर नाही, खरवडलेल्या पत्र्यावर.

ड्राइव्हशाफ्ट मोजायचा तो डबा बसल्यावर, गाडीचं वजन मागच्या चाकांवर असताना. कागदावरच्या लांबीवरून आधीच ऑर्डर केलेला शाफ्ट आखूड निघालेला मी एका ओळखीच्याकडे पाहिलाय.

एलएस (जनरल मोटर्सचं नंतरच्या पिढीचं व्ही८) इंजिनवाल्यांसाठी एक सापळा. एलएसचा क्रँक फ्लँज जुन्या शेव्हीपेक्षा ०.४ इंच आत असतो, त्यामुळे टीएच३५० किंवा टीएच४०० लावताना स्पेसर आणि योग्य फ्लेक्सप्लेट लागते. ते न घालता बोल्ट आवळून ओढून बसवायचा प्रयत्न करू नका.

७. विकत घेताना

जंकयार्डचा, रिबिल्ट, की कंपनीने बांधलेला नवा? जंकयार्डचा घेणार असाल तर तो चालत होता असं धरून चालू नका, उघडून बांधायचा खर्च धरूनच भाव करा. ४एल८०ई साठी हे बघा:

- गाडी टू-व्हील ड्राइव्ह होती का. फोर-व्हीलवाल्याचं मागचं तोंड ट्रान्सफर केससाठी (पुढच्या चाकांनाही जोर वाटणारा डबा) असतं, आउटपुट शाफ्टच वेगळा
- वर्ष कोणतं. १९९१ ते ९३ च्या डब्यांचे विजेचे भाग वेगळे, कंट्रोलर आणि वायरिंग घेताना गोंधळ होतो
- कूलरची नळी कुठे आहे. १९९७ पासून परतीची नळी मागे सरकली. दोन्ही नळ्या पुढेच असतील तर तो जुना
- ऑइलचा रंग आणि वास. लाल-तपकिरी ठीक, काळं आणि करपट वासाचं असेल तर हात जोडा

रिबिल्ट घेताना कागदपत्रं मागून घ्या आणि फोल्डरमध्ये ठेवा: तारीख असलेली पावती, आत कोणते पार्ट बदलले त्याची यादी, वॉरंटी लेखी, त्यात 'परफॉर्मन्स वापर' वगळलाय का तो छोट्या अक्षरातला मजकूर, मूळ गाडीचं वर्ष आणि मॉडेल, आणि जुना डबा परत दिल्यावर किती पैसे मिळणार त्याची अट. ही शेवटची अट तोंडी राहिली की भांडण ठरलेलं.

'स्टेज थ्री, हजार हॉर्सपॉवर' अशी जाहिरात बघितली तर एकच विचारा, आत काय घातलंय? टीएच४०० च्या बाबतीत स्प्रॅग (एकाच दिशेने धरणारा क्लच) कोणता, ३४ एलिमेंटचा का? ७००आर४ मध्ये सन शेल कोणता, तिसऱ्या-चौथ्याला प्लेटा किती? खरा बिल्डर खूश होऊन अर्धा तास बोलतो. दुसरा 'ट्रस्ट मी' म्हणतो.

८. कूलर

जुना डबा जळाला असेल तर जुना कूलर फेका. त्याच्या बारीक नळ्यांत क्लचचा भुगा आणि धातूचा चुरा अडकतो, कितीही धुतला तरी निघत नाही आणि नव्या डब्यात पहिल्याच दिवशी जातो. माझा रेडिएटरमधला बंद केला आणि पुढे मोठा प्लेटवाला, फॅनसकट. पॅनमध्ये तापमानाचं गेज घाला. १७५ ते २०० फॅरनहाइट झकास, २४० ला वॉर्निश धरायला लागतं, २६० ला सील कडक होतात. गेज नसेल तर हे कळतं ते वासावरून, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

९. बसवायचा दिवस

लागेल ते: ट्रान्समिशन जॅक (साध्या जॅकवर फळी ठेवून करू नका, १०० किलो छातीवर येतात), चार मजबूत स्टँड, टॉर्क रेंच, कूलरच्या नळ्यांसाठी फ्लेअर नटचे पाने, लांब एक्स्टेन्शन, नरसाळं, दाबाचं गेज, आणि एक माणूस.

माझा माणूस म्हणजे शेजारचे आजोबा. यिप्सिलँटीजवळच्या विलो रन कारखान्यात त्यांची नोकरी झाली. दुसऱ्या महायुद्धात तिथे फोर्डने बी-२४ बॉम्बर विमानं बनवली आणि नंतर जनरल मोटर्सने गिअरबॉक्स, २०१० ला बंद पडला. मी कन्व्हर्टरमध्ये थोडं ऑइल ओतून तो शाफ्टवर सरकवला, एक 'टक' आवाज आला, हलवल्यावर दुसरा 'टक', मी म्हटलं झालं. आजोबा खुर्चीवर कॉफी घेऊन बसलेले, तिथूनच म्हणाले, तीन. अजून गोल फिरवत ढकलत राहिलो, पाच मिनिटं घाम गाळला आणि तिसरा 'टक' आला, कन्व्हर्टर बोटभर आत गेला. तो तिसरा म्हणजे पंपाचे दात. तो न येता बेलहाउसिंग (डब्याचं इंजिनाला टेकणारं घंटेसारखं तोंड) बोल्टांनी ओढून आवळलं असतं तर पंप तिथेच फुटला असता.

बेलहाउसिंग हाताने इंजिनाला टेकलं पाहिजे, बोल्ट हे ओढायसाठी नसतात. टेकल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरतो का बघा, आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत पुढे ओढताना १/८ ते ३/१६ इंच अंतर पाहिजे. कमी असेल तर थांबा, जास्त असेल तर वॉशर घाला.

ऑइल एकदम ओतू नका. थोडं घालून इंजिन सुरू करा, लगेच आणखी घाला, सगळे गिअर एकेकदा फिरवा आणि मग डिपस्टिक बघा. जनरल मोटर्सचे डबे इंजिन चालू, ऑइल गरम, पार्कमध्ये ठेवून बघायचे. टॉर्कफ्लाइट न्यूट्रलमध्ये. स्टार्टर फक्त पार्क-न्यूट्रललाच लागतो ना, हेही तपासा. माझा रिव्हर्सलासुद्धा लागत होता, मागे कचऱ्याचा डबा होता म्हणून बरं.

१०. पहिले ५०० मैल

पहिले दोन दिवस हळू, पाय अर्ध्यावर, प्रत्येक फेरीनंतर गाडीखाली पुठ्ठा ठेवून गळती बघायची. कंट्रोलरमधले शिफ्टचे आकडे लगेच बदलत बसू नका, मूळ सेटिंगवर चालू द्या. गिअर बदलताना इंजिनाचा आवाज मधेच वर उडाला तर तिथेच थांबा आणि दाब तपासा, 'बसेल हळूहळू' म्हणून पुढे नेऊ नका, मी तेच म्हणत होतो पहिल्या वेळी.

५०० मैलांनी पॅन उतरवा, फिल्टर बदला. चुंबकावर शाईसारखा मऊ राखाडी लेप असतो, तो बोटांमध्ये चोळा. मऊच लागला तर नव्या प्लेटांची झीज आहे, पुसून परत बसवा. चमकणारे कण किंवा टोचणारं काही लागलं तर पॅन तसाच ठेवा, फोटो काढा आणि वॉरंटीचा फोल्डर शोधा. माझ्या चुंबकावर मऊ होतं. आजोबांनीही चोळून बघितलं, पँटला बोटं पुसली आणि गॅस्केट कुठे ठेवलंस म्हणाले.